सात रुपयांसाठी दहिवडी

सुट्टीत सातारा जिल्ह्यात जायचं म्हटलं की कुणीही महाबळेश्वर सांगेल, कास सांगेल, नाहीतर ठोसेघरचा धबधबा. मी भाचीला म्हटलं, "आपण दहिवडीला जाऊ." ती आठवीत आहे. एकदम 'हो' म्हणायची तिची पद्धत नाही.

"तिथं काय आहे मामा?"

"एसटी थांबते."

"ती तर आपल्या सांगलीतही थांबते!"

बरोबर होतं तिचं. तरी सकाळी सातला आम्ही डबा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन सांगली स्टँडवर हजर होतो.

तासगावपर्यंत डोळ्यांना हिरवं दिसत राहतं. द्राक्षांच्या बागा आणि बेदाण्याची शेडं. तासगाव सोडलं की हिरवा रंग हळूहळू विरत जातो आणि विट्याला पोचेपर्यंत माळ सुरू होतात. विटा म्हणजे गलाईवाल्यांचं गाव. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं म्हणजे गलाई. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या तालुक्यांतली कितीतरी माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि भारतभरच्या सराफकट्ट्यांवर हे काम करू लागली. दुसऱ्याचं सोनं आपल्या भट्टीत घालायचं आणि चोख परत करायचं! विश्वास गेला तर भट्टी बंदच करावी लागेल.

विट्याला गाडी बदलली. पुढं मायणी लागलं आणि आम्ही सांगलीतून सातारा जिल्ह्यात शिरलो. पण खिडकीतून पाहणाऱ्याला ते कळत नाही. माळ तोच, मेंढरं तीच, बोलीही तीच. कळणार तरी कसं? 1949 पर्यंत हा सगळा एकच सातारा जिल्हा होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. माणगंगा नदी मात्र दोन्हीकडून वाहते, म्हणून हा सगळा माणदेश. व्यंकटेश माडगूळकर इथलेच, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांचं 'माणदेशी माणसं' तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात नक्की असेल.

पावसाची इथं वानवा. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास! ढग घाटावरच रिकामे होतात आणि इकडं नुसती सावली टाकून जातात. अलीकडं काही भागांत कालव्याचं पाणी आलंय, तरी इथल्या जुन्या माणसांना थेंबाथेंबाचा हिशोब ठेवायची सवय आहे.

दहिवडीला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. माण तालुक्याचं हे मुख्य गाव. चहाच्या टपऱ्या, पिशव्या सांभाळत बसलेल्या आज्या, कंडक्टरची घंटी. भाचीनं सगळीकडं नजर फिरवली आणि माझ्याकडं पाहिलं. "आता सांगा."

मग एका दगडी कट्ट्यावर बसून तिला सांगितलं.

2019 ची दिवाळी. जवळच्या एका गावचे चौपन्न वर्षांचे एक गृहस्थ कामासाठी दहिवडीला आले होते. नाव तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं, पण आपण त्यांना काकाच म्हणू. मिळेल ते काम करून पोट भरणारा माणूस. परत जायला ते बसच्या थांब्यावर आले, तर जवळच नोटांचं पुडकं पडलेलं! चाळीस हजार रुपये.

"मग त्यांनी पोलिसांत दिलं?"

नाही. आधी त्यांनी आसपासच्या लोकांकडं चौकशी केली. तेवढ्यात त्यांना एक माणूस दिसला. कावराबावरा झालेला, काहीतरी शोधत असलेला. पुडकं त्याचंच होतं. बायकोच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे होते ते. काकांनी पुडकं त्याच्या हातात दिलं. तो हजार रुपये देऊ लागला, काका घेईनात. शेवटी घेतले ते फक्त सात रुपये.

"सातच का?"

"गावाचं तिकीट दहा रुपये होतं. काकांच्या खिशात तीनच होते."

भाचीनं बोटांवर वजाबाकी केली, जणू उत्तर वेगळं येणार होतं. मग म्हणाली, "म्हणजे पुडकं सापडलं तेव्हा त्यांच्याकडं घरी जायलासुद्धा पैसे नव्हते?"

हेच मला तिला इथं आणून सांगायचं होतं. पुढं साताऱ्यात काकांचे सत्कार झाले, पैसे पुढं केले गेले. कोरेगाव तालुक्यातून अमेरिकेत गेलेल्या एका गृहस्थांनी तर पाच लाख देऊ केले. काकांनी सगळ्यांना नम्रपणे नाही म्हटलं. पाच लाखांची गोष्ट वर्तमानपत्रांना मोठी वाटली. मला सात रुपयांची वाटते. फुशारकी मारायची असती तर त्यांनी सातही घेतले नसते आणि ते चालत गेले असते.

कायदाही याबाबत मोठा गमतीचा आहे. इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेत याची छोटी छोटी उदाहरणंच दिली होती. 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण हा नियम तसाच राहिला. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, तो कुणाचा ते माहीत नाही, तुम्ही उचललात, तर गुन्हा नाही. पण पैशांचं पाकीट सापडलं, ते कुणाचं हे तुम्हाला कळलं आणि तरी पैसे वापरलेत, तर गुन्हा. मालक कोण हे शोधता येण्यासारखं असतानाही न शोधता पैसे वापरले, तरी गुन्हाच. म्हणजे नुसतं 'मी चोरलं नाही' म्हणून भागत नाही, शोधावं लागतं.

योगायोग असा, की त्याच 2019 साली काही शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 40 देशांतल्या 355 शहरांत 'हे रस्त्यात सापडलं' असं सांगून त्यांनी सतरा हजारांवर पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्यांतल्या माणसांकडं दिली. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते. मालकाचा पत्ता प्रत्येकात होता. सगळ्यांना वाटत होतं, पैशांची पाकिटं लोक ठेवून घेतील. झालं उलटंच! पैसे असलेल्या पाकिटांच्या मालकांनाच लोकांनी जास्त वेळा कळवलं. आपला भारतही त्या चाळिसांत होता.

हे ऐकून भाची खूश झाली. "मग तुम्हाला कधी काही सापडलंय का मामा?"

हा प्रश्न येणार, हे मला सांगली सोडतानाच ठाऊक होतं. मी म्हटलं, "घरी गेल्यावर सांगतो."

येताना विट्यापर्यंत उभ्यानं आलो. कंडक्टरकडं सुट्टे नव्हते, त्यांनी तिकिटाच्या मागं बाकी लिहून दिली. विटा आलं तेव्हा मी डुलक्या काढत होतो. त्यांनीच हाक मारून पैसे परत केले.

सांगलीत पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मी तिला घरी न नेता सरळ आयर्विन पुलावर नेलं. 1929 सालचा हा पूल, खाली कृष्णा. मधोमध थांबलो.

सातवीत असताना मला इथं एक पाकीट सापडलं होतं. आत साडेअकरा रुपये आणि शाळेच्या मुलाचा एसटीचा पास. पासवर त्याचा फोटो होता, नाव होतं, गावही होतं. म्हणजे शोधायला काही कष्टच नव्हते. मी पैसे काढून घेतले, पाकीट पासासकट नदीत टाकलं आणि गणपती मंदिराजवळ जाऊन भडंग खाल्लं. घरी आजतागायत कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगत होतो.

भाची कठड्याला टेकून खाली बघत राहिली. रागावली असावी. मग विचारलं, "त्याचं गाव किती लांब होतं?"

"पंचवीस-तीस किलोमीटर असेल."

"मग तो घरी कसा गेला असेल?"

मी काहीच बोललो नाही. सांगलीवाडीकडून एक एसटी पुलावर आली, आम्ही बाजूला सरकून तिला वाट दिली.