पाण्याखालची चीर

मुंबईला जाणं झालं की राणीचा बाग आणि चौपाटी आपण पाहतोच. पुढच्या खेपेस एक सकाळ भाऊच्या धक्क्यासाठी राखून ठेवा. तिथून उरणजवळच्या मोऱ्याला जाणारी लाँच धरा. वाटेत डाव्या हाताला घारापुरीचं बेट लागतं आणि त्याच्या पलीकडे माना उंचावलेल्या क्रेन दिसू लागतात. ते न्हावाशेवा, म्हणजे १९८९ साली सुरू झालेलं जवाहरलाल नेहरू बंदर. नाशिकची द्राक्षं आणि लासलगावचा कांदा इथून बोटीत चढून परदेशी जातो. तेव्हा या बंदराशी आपलंही नातं आहे.

वाटेत कुठल्याही धक्क्याचे खांब ओहोटीच्या वेळी नीट न्याहाळा. वर कोरडं, करडं काँक्रीट. खाली शेवाळ आणि शिंपल्यांचा काळपट पट्टा. समुद्राचं पाणी रोज दोनदा या पट्ट्यावर चढतं आणि दोनदा उतरतं. उधाणाला हा चढउतार चार मीटरांवर जातो. खांबाला सर्वांत मोठा धोका इथंच. बारीक चिरेतून खारं पाणी आत शिरतं, ओहोटीत हवा लागते आणि आतल्या सळया गंजतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. तो फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला हवा कमी मिळते, म्हणून तिथं गंज सावकाश चढतो. पण बोटीची धडक बसली किंवा पाया खचला, तर तिथंही तडे जातात.

हे तडे बुजवायचे कसे? समुद्र काही विहिरीसारखा उपसता येत नाही. मग पाणबुडे खाली उतरतात. मुंबईच्या बंदराचं पाणी इतकं गढूळ, की तिथं डोळ्यांपेक्षा हातच जास्त कामाला येतात. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाण्याची ओढ कमी असते. त्यातही भरती थांबून ओहोटी लागण्याआधीची थोडी वेळ साधावी लागते.

आधी शेवाळ-शिंपले खरवडून चीर मोजतात. मग तिच्यावर थोड्या थोड्या अंतरानं बारीक नळ्या बसवतात आणि मधली जागा पाण्यातही घट्ट होणाऱ्या इपॉक्सीच्या लगद्यानं लिंपतात. तो घट्ट झाला की सर्वांत खालच्या नळीतून पातळ इपॉक्सी पंपानं आत दाबतात. ते वर चढताना चिरेतलं पाणी पुढं ढकलत जातं. वरच्या नळीतून इपॉक्सी बाहेर आलं, की खालची बंद करून वरची धरायची. सळयाच गंजल्या असतील तर पोकळ काँक्रीट तोडून, गंज काढून, खांबाभोवती साचा बांधतात आणि तळापासून काँक्रीट भरत येतात. नळीचं तोंड ओल्या काँक्रीटमध्ये बुडालेलं ठेवतात, नाहीतर सिमेंट पाण्यात वाहून जातं.

मात्र चीर अजून हलत असेल, तर इतकं करूनही ती शेजारी पुन्हा फुटते. म्हणून जाणता इंजिनिअर आधी कारण शोधतो.

घरी परतल्यावर आपली विहीर आणि पाण्याची टाकी अशीच पाहा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, की बांधकाम काठावरूनच न्याहाळा. टाकी जवळून तपासा. टाकीला चीर दिसली तर तिच्या दोन्ही टोकांशी खूण करून तारीख लिहा. महिन्यानं ती खुणेपुढं गेलेली दिसली, तर वरून गिलावा थापू नका. आधी पाया कुठं खचतोय ते जाणकाराला दाखवा.