गाडीची बॅटरी चालू असतानाच निवडून ठेवा



आज पीक नाही, पाणी नाही, गाडीच्या बॅटरीवर लिहितोय. काही जण म्हणतील, हा काय शेतीचा विषय झाला का? पण वस्तीवर राहणाऱ्या माणसाला विचारा. गावापासून दोन-तीन किलोमीटर आत घर, चारी बाजूंनी ऊस. आपल्या राहुरी, नेवासा, संगमनेर पट्ट्यात बिबट्या आता काही नवीन राहिला नाही. रात्री गाडी बंद पडली तर खाली उतरून ढकलायची सोय नाही. आणि नवीन डिझेल गाड्या ढकलून चालू होतही नाहीत, कारण त्यांच्या कॉम्प्युटरला अन् इंजेक्टरलाच आधी करंट लागतो.

घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायचा तर आपण दात बघतो, खूर बघतो, दोन फेऱ्या चालवून बघतो. बॅटरी मात्र आपण ती मेल्यावर घेतो. गाडी दारात उभी, माणसं खोळंबलेली, मेकॅनिक सांगेल ती अन् दुकानात असेल ती घ्यायची. याला निवड म्हणत नाहीत. निवड करायची तर गाडी चालू असतानाच करावी लागते, एवढंच आजचं सांगणं आहे. बाकी ती कशी करायची ते खाली लिहितो.

माझ्याकडं जुनी डिझेल बोलेरो आहे. खताची, फवारणीची वही असते तशी बॅटरीची पण मी वहीत दोन ओळी नोंद ठेवतो. बॅटरी घेतली त्या दिवसाची तारीख, आणि दर दोन महिन्यांनी सकाळी गाडी चालू करायच्या आधीचं व्होल्टचं रीडिंग. मोटारीसाठी मल्टिमीटर आपल्या सगळ्यांकडं असतोच, तोच डीसी २० वर लावायचा. २०२४ च्या जानेवारीत रीडिंग १२.५ होतं, मार्चात १२.३, मे महिन्यात १२.२. रात्रभर चार्जिंगला लावली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा १२.३ च्या पुढं जाईना. गाडी तेव्हा रोज सेल्फवर चालू होत होती. घरचे म्हणले, चालतीय की, कशाला खर्च? तरी मे अखेरीला बदलून टाकली.

आषाढात रात्री साडेअकराला शेजारच्या वस्तीवरून फोन आला. खाली झोपलेल्या पोराला काहीतरी चावलं होतं, पोट दुखतंय म्हणत होतं, डोळे जड झाले होते. मण्याराचं असंच असतं, दात लागलेला धड दिसतही नाही. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. ग्रामीण रुग्णालय चौदा किलोमीटर, पावसाचा रस्ता, वायपर, लाईट, सगळं चालू. तिथं लस मिळाली आणि पोरगं पाच दिवसांनी घरी आलं. पाहुण्याचं गाव गाठायला उशीर झाला तर चालतं, असल्या वेळी चालत नाही.

आधी बॅटरीच गेलीय का ते बघा

गाडी उठत नाही म्हणजे बॅटरी गेली असं धरून चालू नका. आमच्या भावकीत एकानं नवी बॅटरी टाकली, तीन आठवड्यांत ती पण उतरली. शेवटी कळलं की अल्टरनेटरचा पट्टा गुळगुळीत होऊन घसरत होता, चार्जिंगच होत नव्हतं.

पहिलं काम टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, घासा, वाळवा, घट्ट करा, वरून व्हॅसलीन लावा. बॉडीला आणि इंजिनला आलेली अर्थिंगची केबल पण बघा, ती बऱ्याचदा आतून गंजलेली असते.

मग मीटर लावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे पाव किंवा कमी. सेल्फ मारताना दुसऱ्यानं मीटरवर नजर ठेवायची, भरलेली बॅटरी साडेनऊच्या खाली घसरत असेल तर तिच्यात दम राहिला नाही. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. त्यापेक्षा बरंच कमी म्हणजे पट्टा किंवा अल्टरनेटर. १५ च्या वर म्हणजे रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरीचं पाणी उकळून टाकणार. हे न बघता नवी बॅटरी टाकली तर ती पण त्याच वाटेनं जाते.

झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर वापरा. डेअरीत दुधाला लॅक्टोमीटर लावतात ना, त्याचाच हा भाऊ. पूर्ण चार्ज केल्यावर ग्रॅव्हिटी १२५० ते १२८० आली पाहिजे. सहा खाने असतात, सगळे जवळजवळ सारखे पाहिजेत. पाच खान्यांत १२५० आणि एकात ११७० असेल तर तो सेल गेला. माझ्या बोलेरोच्या बॅटरीचा तिसरा सेल असाच निघाला होता.

आपल्याकडं बॅटरी कशानं मरते

ही बॅटरी १८५९ साली फ्रान्समधल्या प्लांते नावाच्या शास्त्रज्ञानं काढली. शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं गंधकाचं ॲसिड. तिच्यात सुधारणा झाल्या, पण मूळ काम अजून तेच आहे. बॅटरी उतरली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, चार्ज केली की तो परत विरघळतो. पण उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडून राहिली की तो थर खड्यासारखा घट्ट होतो. कालव्याखालची क्षार फुटलेली जमीन आपण बघितलीय, पाणी असून पीक घेत नाही. तसंच हे, चार्जर लावून पण बॅटरी घेत नाही.

आपल्या गाड्या दोन प्रकारे बॅटरी मारतात. एक, वस्ती ते डेअरी दोन किलोमीटर, सकाळ-संध्याकाळ. सेल्फ, हीटर प्लग, लाईट, टेप एवढं खर्चायचं आणि भरायला पाच मिनिटं द्यायची. दोन, उभी गाडी. बंद गाडीत पण घड्याळ, सेंट्रल लॉक, जीपीएस, बाहेरून बसवलेला टेप थोडा थोडा करंट खातात. ५० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला १.२ एएच, महिन्याला ३६ एएच. ६५ एएचची बॅटरी असेल तर महिन्याभरात निम्म्याहून जास्त रिकामी. हंगाम सरल्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. गाडीला पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणा. नुसती दारात चालू ठेवून भागत नाही.

तिसरा शत्रू ऊन. तापमान दहा अंशानं वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा जाणकारांचा हिशेब आहे. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं, त्यात पत्र्याच्या शेडखाली बॉनेटच्या आत काय होत असेल बघा. म्हणून बॅटरी खरी मरते उन्हाळ्यात आणि कळतं डिसेंबरातल्या थंडीत, सकाळी इंजिन जड झाल्यावर. तपासणी दिवाळीच्या आधी एकदा आणि मृगाच्या आधी एकदा करावी, ती याचसाठी.

निवडताना काय बघायचं

माप: ट्रेमध्ये बसली पाहिजे, क्लँप लागला पाहिजे. प्लस टर्मिनल डाव्या हाताला का उजव्या ते जुन्या बॅटरीचा फोटो काढून न्या. नाहीतर वायर पुरत नाही आणि मग जोड मारायचे उद्योग सुरू होतात.

एएच: गाडीच्या पुस्तकात लिहिलेला आकडा धरा. कमी घेऊ नका. थोडी मोठी बसत असेल तर चालते, पण दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यानं मोठी घेऊन उपयोग नाही, कारण भरायलाच मिळत नाही.

सीसीए: थंडीत एका दमात किती करंट देते त्याचा हा आकडा. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळं डिझेलवाल्यानं दोन बॅटऱ्यांत हा आकडा ताडून बघावा.

प्रकार: ट्रॅक्टरला मी झाकणाची बॅटरी पसंत करतो. धूळ, हादरे, ऊन यात पाणी कमी होतं, ते बघून भरता येतं. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच, बोअरचं नाही. ॲसिड तर आपल्या मनानं अजिबात टाकायचं नाही. घरच्या गाडीला सीलबंद चालते. ज्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होऊन परत चालू होतात त्यांना ईएफबी किंवा एजीएम बॅटरी लागते. तिथं साधी टाकली तर लवकर जाते.

इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीला लावू नका. तिच्या प्लेटा जाड, ती हळूहळू बराच वेळ देते, एकदम झटका देत नाही. गाडीच्या बॅटरीचं उलट. पातळ प्लेटा, एकदम जोर. म्हणून रानडुकराच्या झटका मशीनला गाडीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी रात्रभर लावायची सवय वाईट. पुरी उतरायला लागली की ती काही महिन्यांत संपते. झटका मशीनला स्वतःची वेगळी बॅटरी ठेवा.

तारीख: ही सगळ्यात महत्त्वाची. तालुक्याच्या दुकानात कमी खपाचं माप महिनोनमहिने पडून असतं. मी गेलो तेव्हा दुकानदार म्हणला, "तात्या, ही घ्या, साठ महिन्यांची हाय." मी म्हणलो, "भाऊ, आधी कधी बनलीय ते दाखव." आठ महिन्यांची शिळी निघाली. मीटर लावला तर १२.३. मी दोन दिवस थांबलो, नवीन मागवली, दोन महिन्यांच्या आतली. गाडी चालू होती म्हणून थांबता आलं. बंद पडलेली असती तर तीच शिळी घेऊन यावं लागलं असतं. तारीख कोडमध्ये छापलेली असते, प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, दुकानदाराकडून वाचून घ्या. तीन महिन्यांच्या आतली आणि १२.५ च्या वरची असेल तरच घ्या.

वॉरंटी: साठ महिने म्हणजे साठ महिने फुकट बदलून असं नसतं. कार्डावर ३०+३० किंवा ३६+२४ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा फुकट बदलून मिळायचा, दुसरा नुसत्या सवलतीचा. आणि सवलत धरतात छापील किमतीवर. समजा छापील किंमत ९,००० आणि बाजारात मिळते ७,००० ला. ३० टक्के सवलत मिळाली तर ६,३०० भरायचे, म्हणजे खरा फायदा ७०० रुपयांचा. म्हणून पहिला आकडा बघा. कार्डावर शिक्का, तारीख, गाडी नंबर आणि पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, जुनी छापील किंमत दाखवली तर विचारा.

कंपनी: एक्साईडचा कारखाना आपल्या नगरच्या एमआयडीसीत आहे, अमरॉन आंध्रात तिरुपतीजवळ बनते. दोन्हीकडची पोरं घासाघीस करून आपापली चांगली म्हणतात. माझं मत, नाव कुठलंही असो, माल ताजा पाहिजे आणि वॉरंटीसाठी जवळ जाता आलं पाहिजे.

जुनी बॅटरी

तिच्यात शिसं असतं, त्याला मोल आहे. दुकानात परत देऊन बिलातून पैसे वजा करून घ्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. चार पैसे जास्त मिळतात म्हणून दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. काही जण ती ओढ्याकाठी फोडतात, ॲसिड तिथंच ओततात. शिसं मातीतून निघून जात नाही. तेच पाणी विहिरीला आणि तीच माती आपल्या पोरांच्या हाताला.

बसवताना

काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो, तिथं विडी-काडी नको, पाणी बघायला काडी ओढू नका, टॉर्च घ्या. दुसऱ्या गाडीवरून चालू करायची तर लाल वायर प्लसला प्लस, काळी आपल्या बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

उद्या सकाळी दूध घालायला निघायच्या आधी दोन मिनिटं मीटर लावा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून परत बघा. तरी चढत नसेल तर आठवडाभर सवडीनं दोन-तीन दुकानं फिरा, तारखा बघा, मगच घ्या. आकडा किती आला ते आणि बॅटरी किती वर्षांची आहे ते इथं खाली लिहा, म्हणजे आपल्या भागात कुठली किती टिकते ते सगळ्यांनाच कळेल.