ज्यांची बदली झाली नाही

बदलीच्या नोकरीत माणसास बहुतेक सर्व काही मिळते. एक 'आपले गाव' तेवढे मिळत नाही. घर सरकारी, शेजार तात्पुरता, आणि मुलांच्या शाळेचा दाखला पेटीत सदैव वरच ठेवलेला. अशा स्थितीत मनुष्य काहीतरी घट्ट धरून राहतो. कोणी नाट्यसंगीताच्या तबकड्या जपतो, कोणी घरचा गोडा मसाला मागवितो. आम्ही मोहन बागान धरला.

मराठी माणसास फुटबॉलचे वेड लागावे, याचे आमच्या पुण्याच्या आप्तांस नवल वाटे. कोल्हापूरकरांस ते वाटणार नाही. तालमींच्या सामन्यांना तेथील शाहू स्टेडियम कसे भरते हे त्यांनी पाहिले आहे. कलकत्त्यात मात्र संघ ही माणसाची ओळखच असते. मूळचा पश्चिम बंगालचा तो 'घोटी', त्याचा मोहन बागान. पूर्वेकडून आलेला तो 'बांगाल', त्याचा ईस्ट बेंगॉल. विजयानंतर एकाकडे चिंगडी शिजते, दुसऱ्याकडे इलिश. 1964 साली वडिलांच्या बदलीबरोबर आम्ही येथे आलो, तेव्हा शाळेत पहिला प्रश्न आमच्या संघाचा झाला. आम्ही मोहन बागान म्हणालो, आणि बाकावर आम्हांस जागा मिळाली.

जागेबरोबर इतिहासही मिळाला. 29 जुलै 1911 रोजी या क्लबाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. आम्ही तो सामना पाहिला नाही. पण पानिपत तरी आपण कोठे पाहिले आहे? तरीही त्याचा सल आपलाच असतो.

आम्ही पाहिले ते चुनी गोस्वामींना. जाकार्ताच्या 1962 च्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारा हा कर्णधार 1954 पासून 1968 पर्यंत एकाच क्लबात खेळला. त्याच्या आधी शैलेन मन्ना एकोणीस वर्षे येथेच राहिले. पुढे सुब्रत भट्टाचार्य 1974 पासून 1990 पर्यंत. दरवर्षी 'दलबदला'चा हंगाम येई, अफवा उठत, आणि ही माणसे मात्र जागची हलत नसत.

आम्ही हललो. 1977 साली नोकरीनिमित्त मुंबईस होतो. रोव्हर्स करंडकासाठी मोहन बागान कूपरेजवर उतरला, तेव्हा आम्ही पाहुण्यांच्या बाजूने ओरडत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "आपण बंगाली का?" आम्ही शुद्ध मराठीत "नाही" म्हटले, त्यांचे समाधान झाले नाही. करंडक मोहन बागाननेच नेला.

2020 साली चुनी गोस्वामी गेले. त्याच वर्षी क्लबाच्या नावामागे एटीके ही अक्षरे लागली. 2023 साली ती गळून पुढे 'सुपर जायंट' आले. संघ दुबळा झाला, असे कोणी म्हणू नये. 2024-25 च्या हंगामात त्याने इंडियन सुपर लीगची ढाल आणि चषक दोन्ही जिंकले. असे असूनही आम्हांस आठवते ती 30 सप्टेंबर 1975 ची संध्याकाळ, ज्या दिवशी ईस्ट बेंगॉलने आम्हांवर पाच गोल केले आणि आमचा एकही झाला नाही. कारण ती हार सोसणारी काही माणसे पुढच्या वर्षीही त्याच मैदानावर दिसली.

आजच्या खेळाडूस दोष देणे अन्यायाचे होईल. त्याची उमेदीची वर्षे थोडी; त्यासही घर चालवावयाचे असते. आम्हीही प्रत्येक हुकुमाबरोबर पेट्या बांधल्याच, आणि बढत्याही घेतल्या.

परंतु पुढे आम्ही दोनदा कलकत्त्यास परतलो, तेव्हा घर नवे होते, कचेरी नवी होती, शेजारी नवे होते. मैदानावर बचावफळीत सुब्रत मात्र आपल्या जागी उभा होता. आपण परत आलो असे म्हणावयास, कोणीतरी मागे राहिलेले असावे लागते.