तापमानाआधी आकार

अवकाशातले इलेक्ट्रॉन तापले, असं म्हणणं सोपं असतं. ते पटवून देणं हे माझं रोजचं काम आहे.

सौरवारा पृथ्वीच्या चुंबकावरणाला भिडतो तिथे विरुद्ध दिशांच्या चुंबकीय रेषा समोरासमोर येतात, तुटतात आणि नव्याने जुळतात. ही चुंबकीय पुनर्जोडणी. तिच्यात मोकळी होणारी ऊर्जा कणांना मिळते. त्यातला इलेक्ट्रॉनांचा वाटा किती, हा माझा प्रश्न.

नासाच्या एमएमएस मोहिमेची चार यानं मार्च २०१५मध्ये निघाली. ती इलेक्ट्रॉनांचे सर्व दिशांचे वेग दर ३० मिलिसेकंदांनी टिपू शकतात. पुनर्जोडणीचा गाभा काही किलोमीटर जाडीचा, क्षणात पार होणारा. एवढ्या चपळाईशिवाय तो हाती लागत नाही.

नोंदी पडद्यावर येतात, तापमानाचा आलेख चढलेला दिसतो. मी तिथे थांबत नाही. चुंबकावरणाच्या कडेच्या, म्हणजे चुंबकसीमेच्या, आत विरळ, उष्ण इलेक्ट्रॉन असतात. बाहेर दाट आणि थंड. रेषा जुळल्या की दोन्ही एकमेकांत मिसळतात. विसणात कढत पाणी ओतलं की ते कोमट होतं, त्यासाठी बंब पुन्हा पेटवावा लागत नाही. म्हणून मिश्रणाचा हिशेब आधी वजा करायचा. ताय फान आणि सहकाऱ्यांनी थेमिस यानांच्या नोंदींवर असं काम करून २०१३मध्ये दाखवलं की चुंबकसीमेवर इलेक्ट्रॉन तापण्यात उपलब्ध चुंबकीय ऊर्जेचा जेमतेम १.७ टक्के भाग जातो.

मग मी वेगांचा नकाशा उघडतो. तो रेषेच्या दिशेने लांबट असेल, तर रेषेला समांतर विद्युतक्षेत्राने इलेक्ट्रॉन अडकवून वेगवान केले असावेत. एमएमएसच्या १६ ऑक्टोबर २०१५च्या नोंदीत गाभ्याजवळ या नकाशात स्पष्ट चंद्रकोर दिसली. सीमेवर आतबाहेर हेलकावणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ती खूण. तापमानाचं सूत्र मात्र वेगांच्या या पसाऱ्यालाही तापमानच म्हणतं. तो आकडा खोटा नाही, अपुरा आहे.

सौरज्वालांमध्येही हीच पुनर्जोडणी घडते, पण तिच्या गाभ्यात यान नेता येत नाही. तिथले अंदाज इथल्या मोजणीवर बेतले जातात, म्हणून ही काटेकोरी हवी. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे: तापमानाचा आकडा लिहिण्याआधी वेगांचा आकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.