कसला आवाज?

तुमच्या घरी गाडी बिघडली तर कोण बघतं? आमच्याकडे, अर्विंगमध्ये, मीच. गेल्या जुलैत एका सकाळी मी इंजिनाचा बेल्ट बदलला. गाडी सुरू केली, तर नवा बेल्ट घालूनही आवाज! संध्याकाळी आईला आणायला विमानतळावर जायचं होतं. वाटेत बेल्ट तुटला तर? बॅटरी चार्ज होणार नाही, एसीही बंद. टेक्सासच्या उन्हात आईला हायवेवर उभं करायचं?

साताऱ्याला मामाला फोन लावला.

"मामा, आवाज येतोय."

"अरे, पण कसला? चिवचिव असेल तर बेल्ट तिरका चालतोय. चीं करून किंचाळत असेल तर ढिला आहे. घरघर असेल तर बेअरिंग गेलं."

मला 'आवाज' एवढा एकच शब्द सुचला होता. (तुम्ही हे तिन्ही मोठ्याने म्हणून बघा, फरक लगेच ऐकू येतो.) पुन्हा नीट कान दिला. घरघर!

इंजिन बंद केलं, बेल्ट काढला आणि एकेक पुली हाताने फिरवली. बाकीच्या गुपचूप फिरल्या, एक मात्र खरखरली. म्हणजे बेल्टचा दोष नव्हताच. जुनं बेअरिंग झिजलं होतं. नव्या बेल्टचा ताण पडला, तसं ते बोलायला लागलं.

आईला आणायला शेजाऱ्यांची गाडी नेली.