डिकीसकट वेग

आयफेलच्या डोंगरातला नुरबुर्गरिंगचा जुना ट्रॅक १९२७ सालचा. लोकांसाठी खुला असतो त्या वेळी तो कायद्याच्या लेखी नुसता एकेरी टोलरस्ता. पैसे भरायचे, फाटक उघडलं की पुढचे २०.८ किलोमीटर आपले. सत्तरहून जास्त वळणं, आणि खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सुमारे ३०० मीटरची चढण. तिथं पोर्शेंच्या रांगेत मी मित्राची आउडी आरएस६ अवांत घेऊन उभा होतो. संसारी वॅगन. लेकराची सीट उतरवून ठेवलेली, पण तिचे वळ मागच्या चामड्यावर तसेच.

या गाड्यांचं सगळं कसब वेग लपवण्यात. ६०० अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन, तरी ऑटोबानवर दोनशेनं जाताना हळू आवाजात गप्पा मारता येतात. काचा जाड, सस्पेन्शन मऊ, सीट ऐसपैस. ट्रॅक हे लाड चालू देत नाही. फ्लुगप्लात्सच्या उंचवट्यावर चाकांवरचा भार सरतो, स्टिअरिंग क्षणभर पोकळ लागतं. आणि आपण दोन टनांहून जास्त लोखंड हाकतोय हे पोटाला आधी कळतं, डोक्याला नंतर.

खरी ओळख होते ती आरेम्बर्गच्या वळणाला. भरधाव येऊन तिथं करकचून ब्रेक दाबावा लागतो. नाक खाली जातं, सगळा भार पुढच्या टायरांवर, आणि डिकीकडचं बूड हलकं होतं. अशा वेळी स्टिअरिंगला हिसका द्यायचा नाही. भरल्या घागरीसारखी गाडी वळवायची. दोनशेवरून शंभरवर येताना गाडीतली पाऊण ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. तिसऱ्या फेरीपर्यंत थांबलं नाही, तर पेडल मऊ पडायला लागतं. हलक्या गाडीला हे सगळं माफ असतं. मला मात्र जड गाडीच आवडते. ती काहीच फुकट देत नाही.

कारुसेल वळणाच्या तिरप्या काँक्रीटमध्ये गाडी आदळत उतरली तेव्हा व्होल्वोची वॅगन आठवली. १९९४ साली ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्वोनं चक्क ८५० एस्टेट उतरवली होती. चालक रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स. लोक हसले. पोडियम काही मिळालं नाही, पण त्या वर्षीच्या विजेत्यापेक्षा ती खोकेबाज वॅगनच लोकांना जास्त आठवते. पुढच्या वर्षी मागे विंग लावायची मुभा मिळाली, वॅगनला तिचा उपयोग नव्हता, आणि व्होल्वो सेडानकडे वळली. शहाणपणाचंच होतं, तरी मला ते थोडं भित्रेपणाचं वाटतं.

शेवटच्या लांब सरळ पट्ट्यावर वेग उतरवला. बाहेर पडल्यावर लगेच हँडब्रेक लावायचा नसतो, म्हणून ब्रेक निवेपर्यंत गावातून सावकाश फिरत राहिलो. तेवढ्यात मित्राच्या बायकोची यादी आली: दूध, बटाटे, पाण्याचे दोन क्रेट. आडेनाउच्या दुकानासमोर गाडी लावली. डिकीत सगळं मावलं, वर जागाही उरली.