किती लिटरचं घेऊ?

अमेरिकेत घरी बियर करणाऱ्यांचं सगळं जग पाच गॅलनवर उभं आहे. पुस्तकातली कृती पाच गॅलनची, दुकानात खोक्यात मिळणारा माल्ट आणि हॉप्सचा संच पाच गॅलनचा, तयार बियर ठेवायचा स्टीलचा केगही पाच गॅलनचा, म्हणजे १८.९ लिटरचा. हे माप बियरने ठरवलेलं नाही. ते केग मुळात कोलाचं सरबत हॉटेलांना पोहोचवणाऱ्या शीतपेय कंपन्यांचे. त्यांनी ते मोडीत काढले आणि हौशी मंडळींनी स्वस्तात उचलले. अरुंद गळ्याच्या काचेच्या मोठ्या बाटल्या, ज्यांना इथे कारबॉय म्हणतात, त्या पिण्याच्या पाण्याच्या धंद्यातल्या. जे हाताशी होतं त्यात लोकांनी बियर केली आणि पुढे तेच प्रमाण झालं. मी ओरेगनमध्ये, पोर्टलंडला, बरीच वर्षं घरी बियर करते आहे. माझं ठाम मत असं की नव्या माणसाने हे माप डोळे मिटून उचलू नये. फर्मेंटर, म्हणजे ज्यात बियर आंबते ते भांडं, घराकडे बघून घ्यावं. पिणारे किती, थंड जागा केवढी, उचलणारे हात कोणाचे, हे आधी.

पुण्या-नाशिकहून कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा हे सांगते की महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली मद्य तयार करायला परवाना लागतो, घरच्या घरी ते करता येत नाही. अमेरिकेतही घरगुती बियर फार जुन्या काळापासून कायदेशीर आहे असं नाही. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हा केंद्राच्या कायद्याने ती मोकळी झाली. मर्यादा घातली ती एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. आमच्या दोघांच्या घरात त्याच्या पाव हिश्श्यालाही आम्ही कधी पोहोचत नाही, आणि भांड्याचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो.

त्याआधी भांड्यातल्या रिकाम्या जागेबद्दल सांगते, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथे होतो. माल्टचा गोड काढा, ज्याला वर्ट म्हणतात, थंड करून भांड्यात ओतला आणि यीस्ट घातलं की साधारण बारा ते चोवीस तासांत त्यावर फेस चढायला लागतो. हा फेस साबणासारखा विरळ नसतो. तो जाड, चिकट असतो, त्यात यीस्ट असतं, प्रथिनं असतात, हॉप्सचा तपकिरी कडू चोथा असतो. इडलीचं पीठ रात्री पातेल्यात काठोकाठ कोणी भरत नाही, तेच इथे. साध्या पेल एलसाठी भांड्याचा पाव भाग रिकामा हवा. गव्हाच्या जर्मन बियरचं यीस्ट त्याहून उधळं असतं. आमच्या राज्यात माउंट हूडच्या पायथ्याशी, ओडेल गावात, वायईस्ट ही यीस्ट करणारी कंपनी आहे. तिच्या बव्हेरियन गव्हाच्या यीस्टसाठी ती स्वतःच सांगते की भांड्याचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. जागा कमी पडली तर हॉप्सचा चोथा एअरलॉकच्या, म्हणजे झाकणावरच्या वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, बारीक भोकात अडकतो, वायूला वाट राहत नाही आणि दाब वाढत जातो. बादली असेल तर झाकण उडतं आणि छतापर्यंत शिंतोडे जातात. काचेचं भांडं असेल तर प्रकरण धोक्याचं होतं. पहिले तीन-चार दिवस एअरलॉक काढून जाड नळी लावायची आणि तिचं टोक पाण्याच्या डब्यात बुडवायचं, हा उपाय चांगला आहे. पण फेसाबरोबर यीस्ट आणि बियरही बाहेर जाते. मला ती नासाडी आवडत नाही. जागा जास्त ठेवलेली बरी.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे रिकाम्या जागेतल्या हवेची. ऑक्सिजन तयार बियरचा शत्रू आहे, तिची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते, हे खरं. पण मध्यम ताकदीची वीस लिटर बियर आंबताना तिच्या आकारमानाच्या वीसेक पट कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो वरची हवा कितीदा तरी हाकलून देतो. झाकण उघडून सारखं आत डोकावलं नाही, तर आंबण्याच्या काळात पाच-सात लिटरच्या मोकळ्या जागेने काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर. आंबणं संपलं, नवा वायू सुटायचा थांबला आणि आपण बियर दुसऱ्या भांड्यात मुरवायला काढली, तर ते भांडं गळ्यापर्यंत भरलेलं हवं. म्हणून पहिलं भांडं ऐसपैस आणि दुसरं नेमकं, असं जुनी पुस्तकं सांगत. आता बहुतेक जण दुसऱ्या भांड्याच्या फंदात पडत नाहीत. पहिल्यातून सरळ केगमध्ये किंवा बाटल्यांत भरतात. मीही तेच करते.

आता हिशोब, आणि तो शेवटाकडून करायचा. पाच गॅलनचा केग भरायचा तर फर्मेंटरमध्ये एकवीस लिटर तरी हवं, कारण दीड-दोन लिटर तळाच्या गाळात जातं. त्या एकवीस लिटरवर पाव भाग मोकळा म्हटलं की अठ्ठावीस लिटरचं भांडं झालं. बाजारात सर्रास मिळणारी बादली साडेसहा गॅलनची, म्हणजे साडेचोवीस लिटरची, तेव्हा तिथे नळी आलीच. मागे या: तासभराच्या उकळीत तीन-चार लिटरची वाफ होते, हॉप्स थोडं शोषून घेतात, पातेल्याच्या तळाशी थोडं राहतं. म्हणजे उकळायला सत्तावीस लिटर घ्यायचं आणि ते उतू जाऊ नये म्हणून पातेलं ३८ लिटरचं. घरातल्या स्वयंपाकाच्या शेगडीवर एवढं पाणी खळखळून उकळत नाही, म्हणून अंगणात प्रोपेनचा मोठा बर्नर. ते झटपट थंड करायला तांब्याच्या नळीचं लांब वेटोळं. फर्मेंटर एक घेतला, पण त्याने मागची अख्खी साखळी ओढून आणली. नवा माणूस दुकानात उभा असतो तेव्हा त्याला फक्त बादलीची किंमत दिसते, आणि ती लहान-मोठीत फार फरकाची नसते.

वजनाचंही असंच. वीस लिटर वर्ट पाण्यापेक्षा जरा जड, एकवीस किलोच्या आसपास. त्यात काचेच्या कारबॉयचे सहा-सात किलो घाला. ओल्या हातांनी, गुळगुळीत काच, तळघराचा जिना. या बाटल्या फुटून हाताच्या शिरा आणि स्नायुबंध कापले गेलेली माणसं या छंदात आहेत. मी काच वापरत नाही आणि कोणाला वापरू देत नाही. खाद्यपदार्थांसाठीची प्लास्टिकची बादली हलकी असते, हात आत घालून नीट धुता येते, आणि तिच्यावर ओरखडे पडले की बदलून टाकता येते, कारण ओरखड्यांत जंतू दडतात. स्टीलच्या शंकूच्या तळाच्या टाक्या देखण्या असतात आणि खालच्या तोटीतून यीस्ट काढता येतं. पण तिथे माप अचूक लागतं. मोठ्या टाकीत निम्मीच बियर घातली, तर थर्मामीटरची नळी आणि थंड करायचं वेटोळं दोन्ही बियरच्या वर हवेत लटकतात आणि सगळा खर्च वाया जातो.

थंडाव्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण भांड्याच्या आकाराचा चवीशी थेट संबंध इथे आहे. आंबताना यीस्ट उष्णता सोडतं. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आत आठपट मावतं, पण उष्णता बाहेर सोडणारा पृष्ठभाग चौपटच होतो. त्यामुळे एक गॅलनचा बुधला खोलीच्या तापमानाला जवळजवळ धरून राहतो आणि वीस लिटरची बादली ऐन जोरात खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी वर चढते. आमचं तळघर हिवाळ्यात सोळा-सतरा अंशांवर असतं, तिथे हा चढ उलट उपयोगी पडतो. उन्हाळ्यात तीच बादली पंचवीसच्या पुढे जाते आणि बियरला थिनरसारखा उग्र वास येतो. गोव्यात फेणीसाठी काजूबोंडांचा रस आंबवायला मातीची मोठी भांडी अर्धी जमिनीत पुरत. उन्हाळ्यातल्या त्या रसाला थंड मातीची साथ मिळत असे. आपल्याकडे जमीन नसली तर जुना फ्रीज आणि तापमान राखणारं लहान यंत्र लागतं. म्हणून विकत घेण्याआधी मी पुठ्ठ्याचं खोकं भांड्याच्या मापाचं कापून, वर एअरलॉकची उंची धरून, फ्रीजमध्ये बसवून बघायला सांगते. आडव्या डीप फ्रीझरमध्ये एका बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, तो विसरायचा नाही.

मग प्यायचं किती? १८.९ लिटर म्हणजे अमेरिकन मापाने चाळीस पाइंट, किंवा ३५५ मिलिलिटरच्या पन्नासेक बाटल्या. दोन माणसं मिळून आठवड्याला चार पाइंट पीत असतील तर केग संपायला दहा आठवडे लागतात. गडद, जड बार्लीवाइनला दहा आठवडे काहीच नाहीत, ती वर्षभराने जास्त छान लागते. पण आमच्या भागातली खरी बियर हॉप्सची. कॅस्केड हे हॉप इथल्याच, कोर्व्हॅलिसच्या संशोधनातून १९७२ साली बाहेर आलं. त्याचा चकोतऱ्याच्या सालीसारखा वास पहिल्या तीन-चार आठवड्यांतच भरात असतो. नंतर कडूपणा राहतो आणि सुगंध जातो. शेवटचे पंधरा पाइंट आपण नुसते संपवत असतो. बियर वाटावी म्हटलं तर तेही नेहमी सोपं नव्हतं. २०१०मध्ये ओरेगनच्या कायद्याचा अर्थ असा लावला गेला की घरची बियर घराबाहेर नेताच येत नाही, आणि राज्याच्या जत्रेतली घरगुती बियरची स्पर्धा त्या वर्षी झाली नाही. २०११मध्ये कायदा दुरुस्त झाला. त्या मधल्या काळात लहान भांडी वापरणाऱ्यांचं काही अडलं नाही.

माझा कौल दहा लिटरला आहे. साडेतीन गॅलनची, म्हणजे सव्वातेरा लिटरची बादली घ्यायची आणि तिच्यात दहा लिटर वर्ट घालायचं. जवळजवळ पाव भाग आपोआप मोकळा राहतो. घरातलंच मोठं पातेलं आणि नेहमीची शेगडी पुरते. अडीच गॅलनचे छोटे केग मिळतात, तो एक नेमका भरतो. यीस्टचं गणितही इथे सुरेख जुळतं. एलसाठी ढोबळ नियम असा की दर मिलिलिटरमागे, वर्टमधल्या साखरेच्या दर अंशाला साडेसात लाख पेशी हव्यात. बारा अंशांच्या १८.९ लिटर वर्टला त्या हिशोबाने १७० अब्ज पेशी लागतात. द्रव यीस्टच्या ताज्या पाकिटात असतात १०० अब्ज, म्हणजे आधी दोन दिवस वेगळ्या काढ्यात यीस्ट वाढवत बसा. साडेनऊ लिटरला लागतात ८५ अब्ज. एक पाकीट, एक बादली.

यापेक्षा लहान, एक गॅलनचे काचेचे बुधले आजकाल भेट म्हणून फार खपतात. ते मी कोणाला सुचवत नाही. उकळणं, गाळणं, भांडी निर्जंतुक करणं यात दिवसाचे चार-पाच तास जातातच, आणि हाती येतात नऊ-दहा बाटल्या. आंबणं कुठवर आलं हे हायड्रोमीटरने बघायला दर वेळी शे-दीडशे मिलिलिटर काढावं लागतं. दोनदा बघितलं की एक बाटली गेली. मग माणूस बघायचंच टाळतो, आणि आंबणं पुरं होण्याआधी बाटल्या भरल्या तर त्या फुटू शकतात.

लहान बादल्यांचा खरा आनंद त्या दोन असल्या की कळतो. एकच वर्ट करायचं, वीस लिटर, त्या दिवशी कोणाचं तरी मोठं पातेलं आणायचं. ते दोघींत निम्मं-निम्मं ओतायचं. एकीत अमेरिकन एलचं साधं यीस्ट, दुसरीत बव्हेरियन गव्हाचं. माल्ट तेच, हॉप्स तेच, पाणी पोर्टलंडचं, बुल रन जलाशयाचं, अगदी मऊ. तीन आठवड्यांनी एका पेल्यात स्वच्छ, कोरडी, हॉप्सची बियर असते आणि दुसऱ्यात पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. केळं आणि लवंग कोणी घातलेली नसते, ते यीस्टने केलेलं असतं. पुढच्या खेपेला एकच यीस्ट दोन्हींत घालायचं, एक बादली सतरा अंशांवर आणि दुसरी बावीसवर ठेवायची. यीस्ट काय काय करू शकतं हे मला पुस्तकांपेक्षा या जोड्यांनी जास्त शिकवलं. मोठ्या एकाच भांड्यात बियर होते, पण तुलना होत नाही, आणि एक केग संपेपर्यंत दोन-अडीच महिने दुसरी बियर करायचं निमित्तही मिळत नाही.

बीव्हर्टनला राहणारा, सांगलीकडचा एक मुलगा मध्ये आला होता. म्हणाला, "काकू, मोठंच घेऊन टाकतो. उगाच नंतर परत कशाला खर्च?" मी त्याला विचारलं, "राहतोस कुठे?" तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट, लिफ्ट नाही, विजेची शेगडी, आणि बायको बियर पीत नाही. त्याला आवडते ताजी, हॉप्सची. मी म्हटलं, "अरे, मग दोन लहान घे. एक भरून आंबत असेल तेव्हा दुसरी पुढच्या खेपेची." त्याने तसं केलं. पहिली पेल एल झाली आहे, दुसऱ्या बादलीत त्याला राय घालून काहीतरी करायचं आहे. त्याला मी एवढंच बजावलं आहे की राय चिकट असते, फेस जड चढतो, तेव्हा दहाऐवजी नऊ लिटरच घाल.

साडेसहा गॅलनची माझी जुनी बादली अजून तळघरात आहे. ती वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, बार्लीवाइनसाठी निघते. वर्ट तेवीस-चोवीस अंशांचं असतं, यीस्ट दुप्पट घालावं लागतं आणि पहिल्या दोन दिवसांत फेस झाकणाला टेकतो, म्हणून त्यात मी सतरा लिटरच्या वर जात नाही.